मोटरसायकलप्रेमींनी फावल्या वेळात काय वाचावे आणि कोठून सुरुवात करावी?

प्रश्न सोलापुरातील एका तरुणाचा आहे. त्यांच्याकडे दीडशे सीसीची गाडी आहे आणि सुट्टीच्या दिवशी तुळजापूर, नळदुर्ग किंवा फार तर विजापूरपर्यंत फेरी मारण्याची त्यांना आवड आहे. गाड्यांचे व्हिडिओ पाहून आता समाधान होत नाही, म्हणून रात्री जेवणानंतर आणि सुट्टीच्या दुपारी वाचता येईल असे काय आहे, त्यातले मराठीत काही मिळते का, आणि तांत्रिक शिक्षण न घेतलेल्या माणसाला सर्व्हिस मॅन्युअल, म्हणजे मेकॅनिकसाठी असलेली दुरुस्तीची पुस्तिका, समजेल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि गॅरेजमध्ये हत्यारांच्या शेजारीच पुस्तकांचा एक कप्पा मी पहिल्यापासून ठेवला आहे, त्यामुळे या विषयावर मी थोडे विस्ताराने लिहितो.

माझे पहिले उत्तर अनेकांना निरस वाटेल, तरी ते मी पूर्ण विचारांती देत आहे. गाडी घेताना शोरूममधून मिळालेली आणि बहुतेकांनी कागदपत्रांच्या पिशवीतून कधीही बाहेर न काढलेली मालकाची पुस्तिका आधी वाचावी. ती गाडीजवळ बसून, एकेक पान त्या त्या भागाशी ताडून पाहत वाचावी. चेनचे उदाहरण घेऊ. चेनला ठरावीक ढील ठेवावी, असे पुस्तिकेत लिहिलेले असते आणि ती किती मिलिमीटर, हेही प्रत्येक मॉडेलपुरते दिलेले असते. ही ढील कशासाठी, याचे उत्तर मागे कोणी बसले की मिळते. वजनाने मागचे शॉकअप दबतात, मागचे चाक आपल्या कमानीत वर सरकते आणि चेन ताणली जाते. गाडी रिकामी उभी असताना चेन अगदी ताठ आवळली असेल, तर दोन माणसे आणि सामान चढल्यावर तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर येतो. पुस्तिकेतील एका ओळीमागे एवढा विचार असतो आणि ती ओळ समजून वाचणाऱ्याला चेन सेट लवकर का झिजला, हे मेकॅनिकला विचारावे लागत नाही.

तेलाचेही तसेच आहे. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच तेल असते, म्हणजे क्लच प्लेटा तेलातच बुडून काम करतात. म्हणूनच पुस्तिकेत तेलाच्या ग्रेडबरोबर जासो एमए किंवा एमए-२ असा उल्लेख असतो. हे जपानी मानक क्लच घसरू नये म्हणून ठरवलेले आहे. मोटारीसाठी बनवलेल्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि ती मोटरसायकलच्या क्लचला मारक ठरतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर राहतो. अशा दिवसांत हवेवर थंड होणारे इंजिन सात रस्त्याच्या सिग्नलवर सुरू ठेवून उभे असते, तेव्हा तेलाच्या डब्यावरील आकडे आणि अक्षरे वाचता येणे याला महत्त्व येते. टायरच्या बाजूवर लिहिलेला मजकूरही याच वर्गातला आहे. चार अंकांचा जो संकेत असतो, त्यातील पहिले दोन अंक वर्षातील आठवडा आणि पुढचे दोन अंक वर्ष दाखवतात. २३२२ असे असेल, तर तो टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नवा टायर म्हणून दुकानात जे दिले जाते, ते खरोखर किती नवे आहे, हे ग्राहकाला उभ्या उभ्या कळते.

आता सर्व्हिस मॅन्युअलचा प्रश्न. ते समजते का? समजते, मात्र कादंबरीसारखे पहिल्या पानापासून वाचायचे नसते. सुरुवात स्पेअर पार्टच्या कॅटलॉगने करावी, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. त्यात प्रत्येक जोडणी सुटी करून, तिचे भाग ज्या क्रमाने बसतात त्याच क्रमाने हवेत पसरल्यासारखे काढलेले असतात. कार्बोरेटरचे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे, असे एक चित्र शांतपणे अर्धा तास पाहिले, तर सुई कोठे बसते, फ्लोट कशाला अडतो आणि जेट कशात आवळलेला असतो, हे डोळ्यांना पाठ होते. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, आणि इंग्रजी वाचायला त्यांच्यातील बरेच जण बिचकतात, परंतु या चित्रांना भाषेची अडचण नसते. एकाने इंग्रजी परिच्छेद वाचायचा, दुसऱ्याने तो मराठीत सांगायचा आणि तिसऱ्याने त्याच वेळी चित्रात तो भाग बोटाने दाखवायचा, अशी आमच्याकडे दुपारच्या मंद वेळेत वाचनाची पद्धत पडली आहे आणि तिचा उपयोग मी रोज पाहतो.

चित्रे ओळखीची झाली की मॅन्युअलमधील तीन प्रकरणे हाती घ्यावीत. पहिले नट-बोल्ट किती जोराने आवळायचे याच्या तक्त्याचे, ज्याला टॉर्क म्हणतात. अॅल्युमिनियमच्या आवरणात पोलादी बोल्ट आवळताना हाताच्या अंदाजावर भरवसा ठेवला, की तेल सोडण्याच्या बोल्टचे आटे जातात आणि छोटे काम मोठे होऊन बसते. दुसरे प्रकरण झिजेच्या मर्यादांचे. पिस्टन, सिलिंडर, क्लच प्लेट, ब्रेक शू या प्रत्येकाचे नव्या स्थितीतील माप आणि बदलण्याचे माप तेथे शेजारी शेजारी दिलेले असते. हे तक्ते वाचणारा ग्राहक गॅरेजमध्ये ‘प्लेट बदलायची का?’ असे न विचारता ‘प्लेट किती भरली?’ असे विचारतो, आणि चांगल्या मेकॅनिकला असा ग्राहक मनापासून आवडतो. तिसरे प्रकरण वायरिंगचे. तेथे रंगांचे संकेत समजून घ्यावे लागतात आणि ते कंपनीगणिक बदलतात. होंडाच्या परंपरेतील गाड्यांत हिरवी वायर अर्थिंगची असते, तर यामाहाच्या परंपरेत काळी. एका कंपनीचा अनुभव दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर तसाच वापरला तर काय होते, हे जळालेल्या फ्यूजवरून कळण्यापेक्षा पानावरून कळलेले बरे.

प्लगवरील प्रकरणही सोडू नये. प्लगच्या टोकाचा रंग कॉफीसारखा तपकिरी असेल तर पेट्रोल-हवेचे मिश्रण ठीक, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, आणि पांढरट कोरडा असेल तर पेट्रोल कमी, ही बाब अनेकांना ऐकून माहीत असते. परंतु प्लगवरील क्रमांकाचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा असतो, तर बॉश कंपनीची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. दुकानात एकाच्या बदली दुसरा प्लग मिळतो तेव्हा हे माहीत असलेच पाहिजे.

तांत्रिक वाचनाने ज्यांची दमछाक होते, त्यांच्यासाठी इतिहास आहे, आणि मला स्वतःला फावल्या वेळात सर्वांत जास्त आनंद याच वाचनाने दिला आहे. आपल्या रस्त्यांवर ज्या गाड्या वाढल्या, त्यांची मुळे कोठे कोठे गेलेली आहेत, हे पाहून आश्चर्य वाटते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील गाड्या मूळ चेकोस्लोव्हाकियाच्या. ‘जावा’ हे नाव यानेचेक या संस्थापकाच्या आणि वांडरर या जर्मन कंपनीच्या नावांतील पहिली अक्षरे जोडून १९२९ साली तयार झाले. किक आणि गिअर एकाच दांड्यावर ठेवण्याची जी रचना त्याच कारखान्याच्या येझदीत होती, ती त्याच घराण्याची. हा कारखाना १९९६ साली बंद झाला, तरी त्या गाड्या आजही निगुतीने सांभाळणारे लोक आहेत. राजदूत १७५ ही पोलंडमधील एसएचएल या गाडीवर आधारलेली होती. बुलेट इंग्लंडमधील रेडिचची, आणि १९५५ पासून मद्रासची. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी का, याचा उलगडा त्या काळची इंग्लिश गाडी कशी बांधली जात होती, हे वाचल्यावर होतो.

या सर्वांत एक प्रकरण मी प्रत्येक दोन-स्ट्रोकप्रेमीला सुचवतो. सोलापुरात यामाहाची दोन-स्ट्रोक आरएक्स १०० जपणाऱ्यांची संख्या अजूनही बरीच आहे आणि त्या गाडीच्या सायलेन्सरच्या आवाजावर जीव टाकणारे तर त्याहून अधिक आहेत. दोन-स्ट्रोक इंजिनाला शक्ती देण्यात सायलेन्सरच्या आतल्या आकाराचा मोठा वाटा असतो. बाहेर पडणाऱ्या धुराची दाबलाट फुगीर नळीतून परत उलटते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. या तत्त्वाला शर्यतीच्या मैदानावर पूर्णत्वाला नेले ते पूर्व जर्मनीतील झोपाउ गावच्या एमझेड कारखान्यातील वाल्टर काडेन या अभियंत्याने, तेही अत्यंत तुटपुंज्या साधनांवर. १९६१ साली त्यांच्या संघाचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला, आपल्या कुटुंबालाही त्याने गुप्तपणे सीमेपार काढले, आणि ही विद्या घेऊन तो जपानमध्ये सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, सुझुकीने त्याच्या हातून ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. मॅट ऑक्सले यांचे ‘स्टीलिंग स्पीड’ हे पुस्तक या हकिगतीवर आहे. राजकारण, माणसाचा लोभ, एका अभियंत्याची निष्ठा आणि नळीच्या आकाराचे गणित हे सर्व त्यात एकत्र येते. काडेन यांना त्यांच्या आयुष्यात जो मान मिळायला हवा होता तो मिळाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आरएक्सचा सायलेन्सर कापून ‘आवाज काढणाऱ्या’ मुलांनी हे अवश्य वाचावे, कारण आतली रचना कापली की आवाज वाढतो आणि शक्ती कमी होते, हे त्यांना शास्त्रानिशी कळेल.

इतिहासातलीच दुसरी गोष्ट हेल्मेटची आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स ब्रफ सुपिरियर या गाडीचे निस्सीम चाहते होते आणि तिच्यावरील वेगाचे त्यांनी केलेले वर्णन ‘द मिंट’ या पुस्तकात आहे. मे १९३५ मध्ये इंग्लंडमधील डॉर्सेट भागात सायकलवरील दोन मुलांना वाचवताना त्यांची गाडी उलटली, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी, १९ मे रोजी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. केर्न्स यांनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास केला, १९४१ साली तो वैद्यकीय नियतकालिकात मांडला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील १२९ वे कलम वाचताना या साखळीची जाणीव ठेवावी. सोलापूरच्या उन्हात हेल्मेट नकोसे वाटते, हे मी जाणतो, तरीही आयएस ४१५१ हे मानक असलेले, हवेला वाट असलेले हेल्मेट घ्यावे आणि नव्या पेठेत दोन मिनिटांच्या कामाला जातानाही ते काढू नये.

प्रवासवर्णनांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांची नावे आपल्याला कोठेही मिळतील. टेड सायमन यांचे ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ पहिल्यांदा घ्यावे. १९७३ ते १९७७ या काळात ट्रायम्फच्या ५०० सीसी गाडीवर त्यांनी एकट्याने जगप्रदक्षिणा केली, त्यात भारतही आला. गाडी बिघडणे हीच माणसांना भेटण्याची संधी ठरते, हे त्यांनी फार मोकळ्या मनाने लिहिले आहे. चे गेव्हारा यांच्या ‘मोटरसायकल डायरीज’मध्ये मोटरसायकल शोधायला गेलात, तर मात्र निराशा होईल, कारण त्यांची जुनी नॉर्टन चिलीमध्येच कायमची बंद पडते आणि उरलेला प्रवास इतर मार्गांनी होतो. पुस्तक चांगले आहे, परंतु आपण ज्या भुकेने वाचायला बसाल, ती भूक त्याने भागणार नाही.

रॉबर्ट पिर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या १९७४ च्या पुस्तकावर मात्र मला अधिक लिहावेसे वाटते, कारण ते विकत घेणारे पुष्कळ आणि शेवटपर्यंत जाणारे कमी असतात. दुरुस्ती शिकण्यासाठी ते घेऊ नये. वडील आणि लहान मुलगा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातून कॅलिफोर्नियापर्यंत मोटरसायकलवर जातात आणि त्या वाटेवर लेखक गुणवत्ता म्हणजे काय, याचा शोध घेतो, असे त्याचे स्वरूप आहे. आपल्या धंद्यातील माणसाला भिडेल असा त्यातील एक प्रसंग सांगतो. सोबतच्या मित्राच्या बीएमडब्ल्यूचे हॅण्डल ढिले झालेले असते. लेखक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून फटीत घालण्याचे सुचवतो. पट्टी अॅल्युमिनियमची, म्हणजे गंजणारी नाही, मऊ आणि नेमक्या जाडीची. मित्राला मात्र आपल्या महागड्या गाडीत डब्याचा तुकडा ही कल्पनाच सहन होत नाही. आमच्याकडे पत्र्याची पट्टी कापून फट भरणे हे रोजचे काम आहे, आणि तरीही त्याबद्दल नाक मुरडणारे ग्राहक मी पाहिले आहेत. वस्तूचे काम काय आहे हे पाहणारा आणि वस्तूचे नाव काय आहे हे पाहणारा, अशा दोन माणसांमधील अंतर पिर्सिग यांनी त्या एका प्रसंगात दाखवले आहे. पुढे आवरणाचा एक स्क्रू निघत नाही आणि सगळे काम अडते, अशा वेळी मनाचे काय होते, याचेही विवेचन आहे, ते दोनदा वाचावे. मध्ये तत्त्वज्ञानाची पाने लागतील, तेथे वेग कमी करावा आणि रोज थोडे थोडे वाचावे. (निघत नसलेल्या स्क्रूबद्दल एक व्यावहारिक सूचना येथेच करतो. जपानी गाड्यांवरील फुलीच्या स्क्रूंचे खाचे जपानी मानकाचे असतात आणि साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने ते घसरून खराब होतात. त्यासाठी वेगळा स्क्रूड्रायव्हर मिळतो, तो घ्यावा.)

गाडी चालवण्याच्या कौशल्यावरील पुस्तके लोक कमी वाचतात आणि हे मला खटकते. कीथ कोड यांचे ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ आणि डेव्हिड हफ यांचे ‘प्रोफिशियंट मोटरसायकलिंग’ ही दोन नावे पुरेशी आहेत. वेगात असताना डावीकडे वळण्यासाठी हॅण्डलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते, हे वाचून प्रथम विश्वास बसत नाही, परंतु मोकळ्या मैदानात सावकाश करून पाहिले, की आपण नकळत तेच करत होतो, हे कळते. कोड यांचे पुस्तक शर्यतीच्या मार्गासाठी लिहिलेले आहे, त्यामुळे त्यातील वेग रस्त्यावर आणू नये. हफ यांचे पुस्तक रस्त्यासाठी आहे, तरी त्यातील रस्ते अमेरिकेचे आहेत आणि आपल्या परिस्थितीचे भान वाचकाने स्वतः ठेवावे लागते. उसाच्या हंगामात पंढरपूर किंवा विजापूर रस्त्यावर संध्याकाळनंतर निघालात, तर मागे एकही दिवा नसलेली, दोन ट्रॉल्यांची ट्रॅक्टरची रांग समोर येते. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेकपर्यंत हात पोहोचण्याआधीच बावीस मीटर संपलेले असतात. दिव्याच्या प्रकाशात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, हा त्या पुस्तकांतील नियम आपल्याकडे इतर कोठल्याहीपेक्षा अधिक लागू पडतो.

नव्या गाड्यांच्या परीक्षणांची मासिके वाचायला हरकत नाही, मात्र गाडी विकत घ्यायची नसेल तेव्हा त्यातून हाती फारसे लागत नाही. जुने अंक रद्दीत मिळाले तर जरूर घ्यावेत, कारण पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या परीक्षणात ज्या गाडीची स्तुती केलेली आहे, ती पुढे रस्त्यावर कशी टिकली हे आपल्याला आता ठाऊक असते, आणि त्या तुलनेतून परीक्षण कसे वाचावे, हे शिकता येते.

मराठीचे म्हणाल, तर केवळ मोटरसायकलला वाहिलेले ग्रंथ थोडे आहेत, तरी हात रिकामा राहत नाही. मराठी विश्वकोशातील अंतर्ज्वलन एंजिनावरील नोंद संगणकावर विनामूल्य वाचता येते आणि इंजिनाचे चार टप्पे तिच्यात नेमक्या भाषेत सांगितले आहेत. आयटीआयच्या अभ्यासक्रमाची पुस्तके कोरडी असली तरी विश्वासार्ह असतात. दिवाळी अंकांत दुचाकीवरील प्रवासाचे लेख अधूनमधून येतात. त्यांपैकी ज्यात लेखकाने गाडीचे नाव, रस्त्याची स्थिती आणि बिघाड नेमके लिहिलेले असतात, ते कापून ठेवण्यासारखे असतात. इंग्रजी पुस्तकांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी आधी चौकशी करावी, आणि पुस्तक नसेल तर लेखी मागणी नोंदवावी.

शेवटी सर्व्हिस मॅन्युअल मिळवण्याविषयी. मोबाइलवर फिरणाऱ्या प्रती बऱ्याचदा अर्धवट असतात किंवा दुसऱ्याच वर्षाच्या मॉडेलच्या असतात. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ हे मानक लागू झाल्यावर एकाच नावाच्या अनेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्यूल इंजेक्शन आले, त्यामुळे त्यांची वायरिंगची पाने पूर्णपणे वेगळी आहेत. म्हणून प्रत हाती आली की प्रथम तिच्यातील मॉडेलचा संकेत आणि वर्ष आपल्या आरसी बुकवरील नोंदीशी आणि चासी क्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरांशी जुळवून पाहावे. जुळत नसेल, तर त्यातील चित्रे पाहायला हरकत नाही, मात्र तिच्यातील एकही माप किंवा टॉर्कचा आकडा आपल्या गाडीवर वापरू नये.